आंबेखिंडच्या भरावावरची पंच्याहत्तर झाडं

कोणतीही वास्तू दीर्घकाळ टिकायची असेल, तर तिच्याकडे योग्य वेळी आणि योग्य प्रमाणात दुर्लक्ष करणारी माणसं लागतात. बांधणाऱ्यांची नावं आपण कोनशिलेवर कोरतो, दुरुस्ती करणाऱ्यांना फेटे बांधतो. पण ज्यांनी हात न लावल्यामुळे ती वास्तू उभी आहे, त्यांना कोणी साधा नारळसुद्धा देत नाही. (संसारालाही हाच नियम लागू पडतो, पण तो विषय प्रस्तुत कथेच्या अधिकारकक्षेबाहेर आहे.)

आंबेखिंड हे गाव कोल्हापूरहून मलकापूरला जाताना मुख्य रस्त्यापासून चार किलोमीटर आत आहे. गावाच्या वरच्या अंगाला एक मातीचं धरण आहे. लांबी दोनशे चाळीस मीटर, उंची अकरा मीटर, वय अडतीस वर्षं. या धरणाचं पाणी शेतीला जात नाही, नळाला जात नाही आणि विजेला तर नाहीच. ते फक्त मनाला जातं. रविवारी कोल्हापुरातून माणसं येतात, पाण्याकडे बघतात, 'नाद खुळा' म्हणतात, भाजलेलं कणीस खातात आणि परत जातात. या कार्याची दखल घेऊन शासनाने जलविहार उपविभाग नावाचं स्वतंत्र कार्यालय काढलेलं आहे. त्याच्या ताब्यात बदकाच्या आकाराच्या सहा होड्या (पैकी मान शाबूत असलेल्या दोन), सेल्फी पॉइंट चार, स्वच्छतागृह एक (किल्ली उपविभागात सुरक्षित) आणि चौकीदार एक, एवढी मालमत्ता आहे.

चौकीदाराचं नाव कृष्णात. पण कृष्णात येण्याआधी एकोणीस वर्षं तिथं ज्ञानूमामा होते, आणि ज्ञानूमामा समजल्याशिवाय कृष्णातची चूक समजणार नाही.

मातीच्या धरणाच्या बाबतीत एक नियम लहान मुलालाही कळेल इतका सोपा आहे: भरावावर झाड नको. झाड म्हटलं की मूळ आलं, मूळ मातीत शिरतं, आणि मुळाच्या कडेकडेने पाणी शिरतं. पाण्याला एकदा वाट दिसली की ते पाहुण्यासारखं वागतं. आधी ओसरीवर बसतं, मग सोप्यात येतं आणि शेवटी चुलीपाशी. म्हणून दर मे महिन्यात शाखा अभियंता श्रेणिक साहेब धरणावर येत आणि सुरक्षा नोंदवहीत लिहीत: 'भरावावरील झाडे – निरंक. उंदीर-घुशी – निरंक. खेकडे – निरंक. धरण सुस्थितीत.'

हेच श्रेणिक साहेब दर जुलै महिन्यात पुन्हा येत आणि दुसऱ्या नोंदवहीत लिहीत: 'वृक्षारोपण – पाचशे. जगण्याचे प्रमाण – ब्याण्णव टक्के. स्थळ – भराव.' कारण वृक्षारोपणाचं उद्दिष्ट प्रत्येक कार्यालयाला असतं, आणि जलविहार उपविभागाकडे पाणी आणि भराव सोडून तिसरी जमीनच नव्हती. पाण्यात झाड लावता येत नाही. शेजारचं गायरान ग्रामपंचायतीचं आणि पलीकडचं जंगल वनखात्याचं. दुसऱ्याच्या जागेत आपलं उद्दिष्ट लावणं शिष्टाचाराला धरून नव्हतं.

अशा रीतीने एकोणीस वर्षांत आंबेखिंडच्या भरावावर साडेनऊ हजार झाडं लावली गेली आणि एकही झाड नव्हतं. दोन्ही नोंदवह्या एकाच कपाटात एकमेकींना टेकून उभ्या असत. त्यांचं कधी भांडण झालं नाही.

याचं श्रेय ज्ञानूमामांना. या माणसाने एकोणीस वर्षं एकाही रोपाला पाणी घातलं नाही. चूळ भरली तरी तोंड फिरवून भरली.

वृक्षारोपणाचा सोहळा सात जुलैला असे, कारण त्या दिवशी हंबीरराव जन्मले. हंबीरराव म्हणजे दूध संस्थेचे अध्यक्ष, तलाव सुशोभीकरण समितीचे अध्यक्ष आणि नियोजित सूतगिरणीचे (नियोजन चालू होऊन बावीस वर्षं झाली) संस्थापक अध्यक्ष. भरावाच्या माथ्यालगत पंचवीस खड्डे होते. ते कायमचे होते, त्यांना क्रमांक होते, आणि एक नंबरचा खड्डा हंबीररावांचा होता. त्यात ते दर वर्षी वड लावत. उरलेली चारशे पंच्याहत्तर झाडं फोटोच्या चौकटीबाहेर लावली जात. रोपाला नऊ जण मिळून हात लावत, दहावा झारी धरी. झारीत पाणी नसे, पण फोटोत ते कळत नाही. मग शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीने भेट दिलेला लोखंडी पिंजरा रोपाभोवती बसवत (पिंजरा अडतीस किलो, रोप दीडशे ग्रॅम), पिंजऱ्यावर नावाचा फलक लावत आणि सगळे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याकडे वळत. दोन दिवसांनी, नऊ जुलैला, हंबीररावांचा पुतण्या आणि विरोधी गटाचा नेता सम्राट दोन नंबरच्या खड्ड्यात पिंपळ लावी. दिवाळीपर्यंत वड आणि पिंपळ दोघेही वाळत आणि चुलत्या-पुतण्यात तेवढ्यापुरती बरोबरी होई.

ज्ञानूमामा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी कृष्णातच्या हातात शिट्टी, टॉर्च आणि तुटलेल्या बदकांच्या चार माना सोपवल्या आणि एकच उपदेश केला.

"ह्ये बग कृष्णाता, आपलं काम राखायचं. वाढवायचं न्हाय."

"व्हय मामा," कृष्णात म्हणाला. त्याला वाटलं, म्हातारा होड्यांविषयी बोलतोय.

कृष्णात हा एकोणतीस वर्षांचा, चार म्हशींच्या घरातला, अंगाने पैलवान आणि मनाने म्हशींसारखाच मऊ माणूस होता. तो कंत्राटी होता. तीन वर्षं चोख काम केलं तर कायम करू, असं त्याला तोंडी सांगण्यात आलं होतं, आणि त्याची बायको अनुजा हिच्या वडिलांनी याच तोंडी आश्वासनावर लेखी लग्न लावून दिलं होतं. त्यामुळे कृष्णातला सासुरवाडीत पाट मिळे, पण लोड मिळत नसे. जेवणात पांढरा रस्सा वाढताना सासरे दर वेळी विचारत, "मग पावणं, झालासा का कायम?" आणि कृष्णात घाईघाईने वाटी तोंडाला लावे. त्याला या जगात दुसरं काही नको होतं. एकदा कायम व्हायचं आणि त्या लोडाला टेकून बसायचं, एवढंच.

म्हणून त्याने चोख काम केलं. आंबेखिंडच्या दुर्दैवाची सुरुवात इथं होते.

ऑक्टोबरचं ऊन तापलं तेव्हा एक नंबरच्या पिंजऱ्यातल्या वडाने मान टाकली. दोन पानं राहिली होती, तीही जनावराच्या कानासारखी खाली लोंबलेली. कृष्णातने इकडे तिकडे बघितलं आणि तलावातून एक डबा पाणी आणून घातलं. संध्याकाळी वडाचे कान उभे राहिले. मग पिंपळाने काय पाप केलंय, म्हणून पिंपळाला घातलं. मग राहिलेल्या तेवीस रोपांना. हळूहळू डब्याच्या घागरी झाल्या, घागरीत शेणकाला आला, बुंध्याला पालापाचोळा आला. भरावाच्या पायथ्याशी कणसाची शेगडी मांडून बसलेली अनुजा खालून ओरडायची, "अवं, झाडास्नी घालून झालं असंल तर म्हसरांच्याकडं बगा!" कृष्णात हसायचा. खरं सांगायचं तर त्याला त्या रोपांचा लळा लागला होता. सकाळी कामावर येताना तो सासऱ्यांचा प्रश्नसुद्धा विसरायचा.

मे महिना आला. पंचवीसपैकी पंचवीस झाडं जिवंत होती. आंबेखिंडच्या इतिहासात वस्तुस्थिती प्रथमच कागदाच्या आठ टक्के पुढे गेली.

पहिला धक्का सात जुलैला बसला. हंबीरराव फेटा बांधून, हातात रोप घेऊन एक नंबरच्या खड्ड्यापाशी आले, आणि खड्ड्यात झाड होतं. नऊ जण हात पुढे करून तसेच थांबले. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला.

"ह्ये काय?" हंबीरराव म्हणाले.

"तुमचाच वड हाय की दादा. गेल्या वर्सीचा," कृष्णात म्हणाला.

श्रेणिक साहेबांनी त्याला बाजूला ओढलं. "अहो कृष्णात, हे जगलं कसं?"

"पाणी घातलं, सायेब."

"कुणाच्या आदेशाने?"

कृष्णात पिंजऱ्यावरची धूळ पुसू लागला. सुदैवाने हंबीररावांच्या लक्षात आलं होतं की फलकावर आपलं नाव आहे, नावाखाली झाड आहे, आणि ते हिरवं आहे. असा योग त्यांच्या सार्वजनिक जीवनात कधी आला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे भाषण केलं, कृष्णातला स्वतःचा फेटा घातला आणि शेजारी पंचवीस नवे खड्डे मारायला सांगितले. पुढच्या वर्षी आणखी पंचवीस. श्रेणिक साहेबांना काहीतरी बोलायचं होतं, पण टाळ्या चालू होत्या.

यापुढे जे घडलं ते फक्त कोल्हापूर जिल्ह्यातच घडू शकतं. इतर जिल्ह्यांत माणसं एकमेकांचा हेवा करतात, द्वेष करतात, प्रसंगी कोर्टात जातात. आमच्याकडे ईर्षा करतात. ईर्षेत राग नसतो. फक्त शेजाऱ्यापेक्षा आपलं चार बोटं जास्त पाहिजे. मग ती मिरवणूक असो, म्हैस असो की मयताची गर्दी. दुसऱ्या वर्षी कोणीतरी सहज मोजायची टेप लावली आणि सम्राटचा पिंपळ हंबीररावांच्या वडापेक्षा बरोबर चार बोटं उंच निघाला.

तिसऱ्या दिवशी हंबीररावांकडून पाण्याचा टँकर आला. 'फकस्त एक नंबरला,' असा निरोप होता. चौथ्या दिवशी सम्राटकडून दोन टँकर आले. मग हंबीररावांच्या गुऱ्हाळावरून काकवी आली. सम्राटने दूध पाठवलं (म्हशीचं, गाईचं पाठवलं तर चुलता हसेल). पाठोपाठ बाकीचे त्र्याहत्तर फलकधारकही जागे झाले. सरपंचांनी खत धाडलं, पतसंस्थेने मासळीचं खत धाडलं, एका निवृत्त मुख्याध्यापकांनी रोज सकाळी झाडासमोर उभं राहून प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. झाडांनी कधी इतकं प्रेम बघितलं नव्हतं. त्यांनी मुळं सोडली, आणि मुळं सोडायला खाली धरणच होतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात धरणाच्या खालच्या अंगाला राहणारी बयाआज्जी कृष्णातला भेटायला आली. ऐन मे महिन्यात तिच्या बांधावर गुडघाभर गवत होतं. होड्या तरंगाव्यात म्हणून आंबेखिंडचा तलाव उन्हाळ्यातही भरलेला ठेवतात, आणि त्यातलं थोडं पाणी आता तिच्या रानात झिरपत होतं.

"लई उपकार झालं बाबा," बयाआज्जी म्हणाली. "शेरडं हुबी ऱ्हाऊन खात्यात. फकस्त कालपास्नं पानी वाईच गढूळ येतंय, तेवढं बग."

कृष्णातने हातातली घागर खाली ठेवली. धरणावर दोन वर्षं दहा महिने काढल्यावर त्याला एवढं कळत होतं की स्वच्छ पाणी झिरपलं तर धरणाला नुसता घाम आलेला असतो. गढूळ झिरपलं तर धरण माती घेऊन निघालेलं असतं. तो बयाआज्जीबरोबर उतरला. ओघळात बोट बुडवून बघितलं. बोटाला भरावाची तांबडी माती लागली. वर पंच्याहत्तर झाडं वाऱ्यावर डुलत होती. खाली तीनशे घरं होती, त्यातलं पहिलं बयाआज्जीचं.

तो अनुजाच्या शेगडीपाशी येऊन बसला.

"दोन म्हैनं ऱ्हायलं कायम व्हायला," तो म्हणाला. "आत्ता सांगितलं तर पयलं मलाच काढतील. पाणी मीच घातलंय."

अनुजाने कणीस उलटलं. "आन् न्हाई सांगितलं तर?"

"न्हाई सांगितलं तर कुणालाच कळायचं न्हाई. पावसाळ्यापतोर."

"म्हंजी तुमी कायम व्हणार आन् म्हातारी वाहून जाणार," अनुजा म्हणाली. "उठा. सायेबास्नी फोन लावा. माझ्या बाचं मी बगते."

कृष्णातने फोन लावला. त्याने आधी 'पाणी मी घातलं' असं सांगितलं आणि मग गळतीचं, आणि ते इथं नोंदवलं पाहिजे, कारण उपविभागाच्या एकाही कागदावर त्याची नोंद नाही.

श्रेणिक साहेब अर्ध्या तासात आले, ओघळ बघितला, भरावावर चढले, आणि एक नंबरच्या वडाखाली बराच वेळ डोकं धरून बसले. उपाय त्यांना माहीत होता. झाडं मुळासकट काढायची, खड्डे चिकण मातीने भरायचे, थर देऊन धुमसाने कुटायचे. पाऊस यायला तीन आठवडे होते आणि काम दहा दिवसांचं होतं. अडचण एवढीच होती की प्रत्येक झाडाला नाव होतं.

तातडीची बैठक झाली. उपस्थिती शंभर टक्के (ही नोंद खरी आहे). धरण वाचलंच पाहिजे, यावर एकमत झालं. झाडं काढलीच पाहिजेत, यावरही एकमत झालं. मतभेद फक्त कुणाचं आधी, एवढ्यावरच उरला. हंबीरराव म्हणाले, पुतण्याचं आधी काढा, लहान आहे, त्याला पुन्हा लावता येईल. सम्राट म्हणाला, वडीलधाऱ्यांचा मान पहिला. एका सदस्याने झाडं तशीच ठेवून धरण थोडं पलीकडे सरकवता येईल का, अशी विचारणा केली. दुसऱ्याने गळतीला सूक्ष्म धबधबा घोषित करून पाचवा सेल्फी पॉइंट सुचवला. बैठक खेळीमेळीत संपली. बयाआज्जीच्या रानातलं पाणी तेवढ्या वेळात आणखी एक वीत पसरलं.

श्रेणिक साहेब खाली येऊन अनुजाच्या शेगडीपाशी उभे राहिले. बावीस वर्षांच्या नोकरीत ते पहिल्यांदाच घाबरलेले दिसत होते. तिने त्यांच्या हातात कणीस दिलं.

"सायेब, रागवू नगासा. पर नाव लावायला समदी पुढं येत्यात, तर निस्तरायला बी नावच इचारा की."

श्रेणिक साहेबांनी कणीस अर्धं खाल्लं आणि थांबले. मग उरलेलं खिशात घालून कार्यालयात गेले. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पंच्याहत्तर जणांना पत्र गेलं. त्यातली भाषा अत्यंत नम्र होती:

'आंबेखिंड धरणाच्या गळतीबाबत जबाबदारी निश्चित करावयाची आहे. सर्वांत उंच झाडाची मुळे सर्वांत खोल असल्याचे तांत्रिकदृष्ट्या ग्राह्य धरण्यात येईल. तरी सर्व वृक्षधारकांनी सोमवारी सकाळी अकरा वाजता आपापल्या झाडाशेजारी, झाडाची उंची मोजता येईल अशा बेताने, स्वतः उभे राहावे. सोबत नावाचा पुरावा आणावा.'

सोमवारी सकाळी अकरा वाजता भरावावर कृष्णात, अनुजा, श्रेणिक साहेब आणि एक टेप एवढेच हजर होते. पंच्याहत्तर फलकांपैकी एकाहत्तर नाहीसे झाले होते. तीन उलटे फिरवलेले आढळले. एकच फलक जागेवर होता. त्याचे धारक गेल्या पौषात वारले होते. हंबीररावांनी फोनवरून कळवलं की वड आपला नसून आपला कोणता तरी कार्यकर्ता आपल्या नावाने झाडं लावत फिरतो. सम्राटचा फोन बंद होता, पण त्याच्या पिंपळाचा शेंडा कोणीतरी बरोबर आठ बोटं छाटलेला होता.

ज्या झाडांना दोन दिवसांपूर्वी दूध मिळत होतं, ती आता बेवारस होती. कृष्णातला त्यांचा कळवळा आला. त्याने वडाच्या बुंध्यावरून हात फिरवला.

"आता काढता येतील," श्रेणिक साहेब म्हणाले. "पण अहवालात एक नाव पाहिजे. नावाशिवाय जबाबदारी निश्चित होत नाही, आणि जबाबदारी निश्चित झाल्याशिवाय जेसीबी येत नाही."

"मग माझं घाला," कृष्णात म्हणाला. "लावली त्यांनी, पर जगवली म्या. माझीच हायती."

श्रेणिक साहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि नाव लिहून घेतलं. अहवाल वर गेला. दोषारोप पुढीलप्रमाणे होता: 'सदर कर्मचाऱ्याने कोणतेही लेखी आदेश नसताना, सलग दोन वर्षे सात महिने, सुट्टीच्या दिवशीही, पंच्याहत्तर रोपांची काळजी घेतली.' वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असा तो मजकूर होता. वरून एका दिवसात उत्तर आलं: कठोर शिक्षा करा.

आता इथं एक तांत्रिक पेच निर्माण झाला, आणि तो श्रेणिक साहेबांनी शोधून काढला. त्यासाठी ते नियमावली घेऊन दोन दिवस बसले होते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा चेहरा एकदम उजळल्याचं शिपायाने बघितलं. नियम सदतीस असा होता की चौकशी आणि शिक्षा फक्त कायम कर्मचाऱ्याला करता येते. कंत्राटी माणसाला नुसतं काढता येतं. पण काढला की तो आपला राहत नाही, आणि जो आपला नाही त्याच्यावर जबाबदारी टिकत नाही. मग दुसरं नाव शोधावं लागतं, आणि ते शोधताना दोन नोंदवह्या एकाच वेळी उघडाव्या लागतात. त्यांनी वर पाठवलेल्या टिपणीतलं हे शेवटचं वाक्य वरच्या कार्यालयात चार जणांनी वाचलं आणि चौघांनी पाणी मागितलं.

सबब, शिक्षा करता यावी म्हणून कृष्णातला बुधवारी कायम करण्यात आलं आणि गुरुवारी सक्त ताकीद देण्यात आली. दोन्ही पत्रं एकाच पाकिटात आली. कृष्णातने पहिलं वाचलं आणि तेच पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. दुसरं अनुजाने वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं: 'यापुढे कोणत्याही रोपास पाणी घातल्याचे आढळल्यास गंभीर दखल घेतली जाईल.' रविवारी सासुरवाडीत त्याला लोड मिळाला. सासऱ्यांनी ताकीदपत्र बघितलं आणि डोळे पुसले. "कायम माणसालाच असलं कागद येत्यात," ते शेजाऱ्यांना सांगत होते.

जेसीबी आला. कृष्णातने चालकाशेजारी उभं राहून प्रत्येक झाड मातीच्या गड्ड्यासकट काढायला लावलं, आणि ट्रॉलीत घालून शेजारच्या गायरानात नेऊन लावलं. (गायरान उपविभागाच्या हद्दीबाहेर असल्याने ताकीद तिथं लागू होत नाही, हेही श्रेणिक साहेबांनीच त्याला सांगितलं, दुसरीकडे बघत.) खड्डे चिकण मातीने भरले. गावातल्या तालमीतली पोरं धुमस घेऊन आली आणि त्यांनी ईर्षेने माती कुटली. जून लागला तसं बयाआज्जीच्या रानातलं पाणी आधी नितळ झालं आणि मग बंद झालं. गवत वाळलं म्हणून तिने कृष्णातला दोन दिवस शिव्या घातल्या, आणि तिसऱ्या दिवशी शेरडाचं दूध आणून दिलं.

गायरानातली एकोणसत्तर झाडं जगली. तिथं पिंजरे नाहीत, फलक नाहीत, उद्घाटन झालेलं नाही. कागदावर तिथं एकही झाड नाही, त्यामुळे ती जोमाने वाढत आहेत. भरावावर मात्र आजमितीला बारा हजार झाडं आहेत आणि एकही झाड नाही. दोन्ही नोंदवह्या पुन्हा एकमेकींना टेकून उभ्या आहेत. फरक इतकाच की पंचवीस कायम खड्ड्यांना आता खालून सिमेंटचा तळ आहे, वीतभर खोलीवर. सात जुलैला हंबीरराव एक नंबरच्या खड्ड्यात वड लावतात, नऊला सम्राट पिंपळ. गाड्या फाट्याकडे वळल्या की कृष्णात दहा मिनिटं थांबतो, पंचवीस रोपं काढून गायरानात नेतो आणि त्या जागी पंचवीस वाळक्या काटक्या रोवतो. दिवाळीत कोणी बघितलंच, तर म्हणतं, "वाळलं वाटतं." कृष्णात म्हणतो, "व्हय की." त्याच्या गोपनीय अहवालात सलग तीन वर्षं 'उत्कृष्ट' शेरा आहे.

आता थोडं तुमच्याविषयी. मागे एकदा पावसाळ्यात तुम्हीही एक झाड लावलंत. नाही म्हणू नका, फोटो आहे. एका रोपाला नऊ हात लागलेत, त्यात डावीकडून चौथा तुमचा. त्यानंतर त्या रोपाला पाणी घालायला तुम्ही एकदाही गेला नाहीत, आणि त्याची टोचणी तुम्हाला अधूनमधून लागते, असं उपविभागाला कळलं आहे. ती काढून टाका. तुमच्यासारखे लोक परत येत नाहीत, म्हणून तर बयाआज्जीच्या घरावर छप्पर आहे. त्याबद्दल आंबेखिंडची तीनशे घरं तुमची ऋणी आहेत. यंदाही सात जुलैला अवश्य या. खड्डा तोच आहे, झारी तीच आहे, आणि तुमची डावीकडून चौथी जागा राखून ठेवलेली आहे.